वादळ आणि वाडी

चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की महाराष्ट्राच्या देशावर वळवाची वाट पाहिली जाते. दुपार कलते, वारा पडतो, जीव कासावीस होतो. आणि मग क्षितिजावर काजळासारखा काळा ढग उभा राहतो. धुळीचे लोट उठतात, विजा कडाडतात, टपोरे थेंब पडू लागतात आणि तापलेल्या मातीचा सुगंध दरवळतो. कधी गारांचा सडा पडतो. कैऱ्या झडतात, एखाद्या गोठ्याचे छप्पर उडते. परंतु अर्ध्या-पाऊण तासात सारे ओसरते आणि सायंकाळी मुले ओल्या अंगणात कैऱ्या वेचीत हिंडतात. तापलेल्या भूमीलगतची हवा वेगाने वर चढून उंचावर थंड झाली म्हणजे असे वादळ होते. त्याचा विस्तार चार-दोन गावांपुरता आणि आयुष्य घटकाभराचे. म्हणूनच शेतकरी वळवाला दूषणे देतो, तसा आशीर्वादही देतो.

कोकणच्या किनाऱ्यावर मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस क्वचित एक निराळेच वादळ येते. त्याचा जन्म जमिनीवर होत नाही, समुद्रावर होतो. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत अरबी समुद्राचे पाणी २६-२७ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असते. त्या पाण्याची वाफ वर चढते. उंचावर तिचे पुन्हा पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा अधिकच वर जाते आणि खालचा दाब कमी कमी होत जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी चोहोंकडून वारे धाव घेतात. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ते सरळ न येता वळतात आणि कमी दाबाच्या केंद्राभोवती गरगर फिरू लागतात. उत्तर गोलार्धात हे फिरणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. हेच चक्रीवादळ. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला म्हणजे हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते, आणि तो ८९ किलोमीटर झाला म्हणजे 'तीव्र चक्रीवादळ' म्हणते.

असे एक तीव्र चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस येऊन धडकले. त्याचे नाव 'निसर्ग'. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. साडेबाराच्या सुमारास ते भूमीवर चढू लागले आणि अडीच वाजेपर्यंत किनारा ओलांडून आत गेले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. मुंबईवर येणारे संकट टळले म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु रायगडच्या आणि त्याला लागून असलेल्या उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्या दोन-तीन तासांत जे मोडले, ते पुन्हा उभे करण्यास एक पिढी पुरी पडेल की नाही, अशी शंका वाटावी, इतकी हानी झाली. कारण तेथे केवळ घरे मोडली नव्हती, वाड्या मोडल्या होत्या.

वाडी म्हणजे काय, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यास सांगितल्यावाचून कळावयाचे नाही. नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले अशा गावांत घराच्या मागील दारी पाऊल टाकले की वाडी सुरू होते. देशावरील परसात आळूची चार पाने, एखादा शेवगा आणि तुळस असते. येथे परसातच एक लहानसे अरण्य नांदत असते. सर्वांत उंच नारळ. त्याच्या खालोखाल पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे. पोफळीच्या अंगाखांद्यावर मिरीचे वेल. त्यांच्या सावलीत जायफळ आणि केळी. अगदी खाली अननस, हळद, सुरण आणि आळू. मधोमध विहीर, आणि तिच्यापासून झाडाझाडाच्या आळ्यापर्यंत गेलेले पाट. भर वैशाखातही वाडीत शिरणाऱ्याच्या अंगावर गारवा येतो. कारण वरच्या झाडांनी गाळून घेतलेले ऊन खाली उतरता उतरता मवाळ झालेले असते.

या वाडीतील एकही वस्तू वाया जात नाही. नारळ बाजारात जातो, त्याची सोडणे चुलीत जातात, झावळ्यांचे झाप विणले जातात, हिरांचे खराटे होतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर तिच्या मोठ्या आकारासाठी आणि पांढऱ्या गरासाठी नावाजलेली. मुलींची लग्ने, मुलांची शिक्षणे, घराची शाकारणी, अडीअडचणीचे दुखणे, या सर्वांना आधार सुपारीचा. म्हणून तेथील माणसे वाडीविषयी बोलतात, ती एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावे तशी.

अशा एखाद्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा, आजी आणि सातवीत शिकणारी त्यांची नात. नात मूळची मुंबईची. परंतु २०२० च्या मार्च महिन्यात साथीच्या रोगामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ती गावी आली आणि टाळेबंदी लागू झाल्याने तेथेच राहिली. तिचे आईवडील मुंबईत अडकून पडले. वाडीत दोनशे पोफळी आणि तीस नारळ. त्यांपैकी बहुतेक आजोबांच्या वडिलांनी लावलेले.

२ जूनला गावात ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्यात आली. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. कोळ्यांनी होड्या पुळणीवर ओढून बांधल्या आणि कच्च्या घरांतील माणसांना शाळेत हलविण्यात आले. आजोबांनी अंगणातील सुट्या वस्तू आत घेतल्या, गोठ्यातील गाय सोडून घराच्या भक्कम भिंतीच्या आडोशाला आणली. आजीने आगोटीसाठी भरून ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या माजघरात नेऊन ठेवल्या. आजोबांना समुद्राचा वारा नवा नव्हता. तरी त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा अधिक वेळ वाडीत फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. दुपार होऊ लागली तसा वारा चढत गेला. आधी झाडे डोलत होती, मग वाकू लागली, मग सरळ होण्यास त्यांना वेळच मिळेना. छपरावरची कौले उडून अंगणात फुटू लागली. तिघेही माजघराच्या कोपऱ्यात बसून राहिली. वाऱ्याच्या घोंघावण्यात मधूनच एक आवाज येई. वाळलेली जाड काठी गुडघ्यावर मोडावी तसा. पहिल्यांदा तो आला तेव्हा नातीने विचारले,

"आजोबा, हे काय मोडतंय?"

"पोफळ," आजोबा म्हणाले.

पुढे ते आवाज इतक्या लागोपाठ येऊ लागले की तिने विचारणे सोडून दिले. मध्येच वाऱ्याची दिशा पालटली आणि इतका वेळ एका अंगाला वाकलेल्या झाडांवर दुसऱ्या अंगाने मारा सुरू झाला. चक्रीवादळाचे वारे केंद्राभोवती फिरत असल्यामुळे वादळ पुढे सरकते तसा एकाच गावी वाऱ्याचा रोख बदलत जातो. म्हणून पहिल्या झपाट्यातून वाचलेले झाडही दुसऱ्यात सापडते.

सायंकाळी दार उघडले तेव्हा नातीला प्रथम झाडे दिसली नाहीत. दिसले ते आकाश. जेथे कधीही आकाश दिसत नसे, तेथे ते विहिरीपासून कुंपणापर्यंत पसरले होते. खाली पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या; कित्येक कमरेतून मोडल्या होत्या आणि त्यांचे बुंधे खुंट्यांसारखे उभे होते. फणस मुळासकट उपटून विहिरीच्या काठावर कोसळला होता. दुसऱ्या दिवशी आजीने आणि नातीने मोजदाद केली. दोनशे पोफळींपैकी एकेचाळीस उभ्या होत्या. तीस नारळांपैकी चोवीस.

नारळ वाचला आणि पोफळ का मोडली, असा प्रश्न साहजिकच पडतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला तर नऊपट. ताशी ४० किलोमीटरांचा वारा सोसणाऱ्या झाडाला १२० किलोमीटरांच्या वाऱ्यात नऊपट धक्का सोसावा लागतो. पोफळीचे खोड हाताच्या पंज्यांत मावावे इतके बारीक आणि उंची मात्र चाळीस-पन्नास फूट. तिच्या शेंड्यावर बसलेला वाऱ्याचा धक्का लांब तरफेसारखा खोडावर पडतो. नारळाचे खोड जाड आणि चिवट असते. त्याच्या बुंध्यापासून दोरीसारखी असंख्य मुळे सर्व दिशांना पसरतात आणि माती धरून ठेवतात. तथापि माती पावसाने भिजून सैल झाली की नारळही उन्मळतो. शिवाय दाट वाडीत एक पोफळ पडली की शेजारच्या दोघींना घेऊन पडते. कडेची झाडे गेली की इतकी वर्षे त्यांच्या आडोशाला वाढलेली आतील झाडे एकाएकी वाऱ्यासमोर उघडी पडतात.

याहून कठीण गोष्ट अशी की मोडलेली पोफळ पुन्हा फुटत नाही. आंब्याची फांदी मोडली तर खाली नवे धुमारे येतात. कारण आंब्याच्या अंगावर अनेक डोळे असतात. नारळ व पोफळ यांना मात्र शेंड्यावर एकच कोंब असतो. तो गेला की झाड संपले. त्याच्या जागी नवे लावावे लागते, आणि नवी पोफळ फळावर येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात.

वीज गेली होती, रस्ते झाडांनी अडले होते, दूरध्वनी मुके झाले होते. किनाऱ्यावरील कित्येक गावांत अनेक दिवस हीच स्थिती होती. आजोबांच्या घरी दहाव्या दिवशी मुंबईहून मुलाचा आवाज ऐकू आला. सर्वांची खुशाली विचारून झाल्यावर तो म्हणाला,

"बाबा, या वयात पुन्हा हा व्याप कशाला? जागा आता मोकळी झालीच आहे. चार खोल्या बांधू आणि पर्यटकांना देऊ. पोफळ लावली तर आठ वर्षं थांबायचं, आणि तोवर पुन्हा एखादं वादळ आलं तर?"

मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. आठ वर्षे उत्पन्नावाचून कोण काढणार? वादळ पुन्हा येणार नाही, अशी हमी कोण देणार? आजोबांनी त्याला होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते ओटीवर बसून राहत. वाडीच्या बाजूची खिडकी त्यांनी लावून घेतली होती. पन्नास वर्षे ज्यांचा दिवस वाडीला शिंपण घालून उगवत असे, ते आता मागील दारी फिरकतही नसत.

पडलेली झाडे तोडून बाजूला करण्याचे काम गावकरी एकमेकांच्या मदतीने करीत होते. एके दिवशी विहिरीजवळची एक आडवी पोफळ उचलली, तेव्हा तिच्याखाली गळून पडलेल्या विरीच्या आडोशाला नातीला काही कोंब दिसले. हिवाळ्यात पिकून पडलेल्या सुपाऱ्या तेथेच रुजल्या होत्या. बोटभर उंचीचे ते हिरवे कोंब मोडक्या झाडांखाली सुरक्षित राहिले होते. तिने शोधून शोधून असे सव्वीस रोप मोजले. त्यांपैकी एक तिने मातीच्या हुंड्यासह अलगद काढले आणि ओटीवर नेऊन आजोबांसमोर धरले.

"आजोबा, हे मी मोकळ्या जागेत लावू? तिथं आता खूप ऊन येतं."

आजोबांनी रोपाकडे पाहिले आणि त्यांच्या तोंडून सहज शब्द गेले,

"अगं, उन्हात नको! पोफळीचं रोप उन्हाला टिकत नाही. आधी केळी लाव, तिची सावली पडू दे. मग पोफळ."

"केळी कुठं लावू?"

"पश्चिमेच्या अंगाला. दुपारचं ऊन तिकडून लागतं." एवढे बोलून ते थांबले. मग हळूच म्हणाले, "पण कशाला हे सगळं? या पोफळींची सुपारी काही माझ्या अडकित्त्याखाली यायची नाही."

आजी दारात तांदूळ निवडीत बसली होती. तिने मान वर न करताच म्हटले, "अहो, ज्या पडल्या त्या तरी तुम्ही कुठं लावल्या होत्या? मामंजींनी लावल्या. त्यांनी हाच हिशेब केला असता, तर आपण एवढी वर्षं काय खाल्लं असतं?"

आजोबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ते उठले, कोपऱ्यातील कुदळ घेतली आणि मागील दाराने वाडीत उतरले.

त्यानंतर जे काम सुरू झाले, त्यात भावनेपेक्षा विचाराचा भाग अधिक होता. पहिले काम स्वच्छतेचे. नारळ-पोफळीचे ओंडके वाडीत कुजत ठेवले तर त्यांत गेंडाभुंगा वाढतो आणि तोच भुंगा उरलेल्या नारळांचे कोंब पोखरतो. झाडांच्या जखमांच्या वासाने सोंड्या भुंगाही येतो. म्हणजे वादळातून वाचलेली झाडे वादळानंतरच्या हलगर्जीपणाने मरू शकतात. म्हणून ओंडके वाडीबाहेर काढले गेले. जे कामाचे होते ते चिरून मांडवासाठी व पाटांवरील पन्हळीसाठी ठेवले. आंब्याच्या फाटलेल्या फांद्या करवतीने नीट कापून त्या जागी बोर्डो मलम लावले. एक कोवळा माड कलला होता, पण त्याची मुळे तुटली नव्हती. त्याला सरळ करून तिन्ही अंगांनी टेकू दिले आणि बुंध्याशी माती चढविली. आडव्या झालेल्या केळी कापून टाकल्या. केळीच्या कंदातून मुनवे फुटतात, त्यामुळे तिच्यासाठी शोक करावयाचे कारण नसते.

दुसरे काम सावलीचे. झाडे पडल्यामुळे जायफळावर थेट ऊन पडू लागले होते आणि पावसाळा संपताच त्याची पाने करपू लागली. वाडीतील झाडे एकमेकांवर किती अवलंबून असतात, हे सर्व उभी होती तोवर कोणाच्या ध्यानात येत नव्हते. पश्चिमेला केळीची रांग लागली, जायफळांवर झापांचे छत घातले, आणि केळींच्या आडोशाला एक वाफा करून त्यात ती सव्वीस रोपे ओळीने बसविली. थंडीत उरलेल्या पोफळींवर सुपारी पिकली. त्यांतील भरपूर फळणाऱ्या, निरोगी झाडांची जड फळे आजोबांनी बियांसाठी निवडली आणि देठाकडील टोपीचा भाग वर ठेवून ती वाफ्यात कशी पुरावयाची, हे नातीला दाखविले.

तिसरे काम मुलाच्या प्रश्नाला उत्तर शोधण्याचे. तो प्रश्न आजोबांनी टाळला नाही. पोफळ फळावर येईपर्यंतच्या वर्षांसाठी मधल्या मोकळ्या जागेत केळी, हळद आणि सुरण घेण्याचे ठरले. ही पिके वर्षभराच्या आत-बाहेर हाती येतात. कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मसाल्याची व फळांची पिके एकत्र घेण्याची जी 'लाखी बाग' पद्धत सांगितली आहे, तिचे तत्त्वही हेच आहे. एकाच झाडावर सारी भिस्त ठेवली की ते झाड पडताच घर पडते. समुद्राच्या बाजूने कुंपणाला लागून सुरू आणि उंडी यांची दाट ओळ लावण्याचे ठरले. वाऱ्याला भिंतीने अडविता येत नाही. भिंतीवर तो आदळून उसळतो. झाडांची ओळ मात्र त्याला गाळून घेते आणि त्याचा वेग मोडते. नव्या पोफळी एकाच वर्षी न लावता दर पावसाळ्यात थोड्या थोड्या लावावयाच्या, म्हणजे वाडीत सर्व वयांची झाडे राहतील आणि एका वादळात सर्वच उंच झाडे सापडणार नाहीत, असा विचारही त्यामागे होता. आणि घराच्या छपरावर पडेल इतक्या जवळ उंच झाड लावावयाचे नाही, हा नियम आजीने घालून दिला.

२२ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. मुलगा मुंबईहून गावी आला. वाडी पाहून तो बराच वेळ उभा राहिला. मग वाफ्याशी गेला. त्याच्या मुलीने प्रत्येक रोपापाशी काडी रोवून तिच्यावर क्रमांक घातला होता. खोल्यांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आजोबांबरोबर सुरूच्या ओळीसाठी खड्डे खणीत होता.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघाले. १७ मे रोजी रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. परंतु जाता जाता कोकणालाही त्याचा तडाखा बसला. या वेळी सूचना मिळताच घरातील सर्वांनी मिळून तयारी केली. पाडेलीकडून नारळांची वाळकी झावळे व तयार फळे आधीच उतरवून घेतली, कारण वाऱ्यात तीच गोळ्यांसारखी सुटतात. केळींना टेकू दिले. वाफ्यावरील छताचे झाप काढून ठेवले. वारा आला, गेला. केळी बहुतेक आडव्या झाल्या. दोन पोफळी मोडल्या. वाफ्यातील रोपे मात्र, उंचीने लहान असल्यामुळे आणि पडलेल्या केळींच्या ओळीमागे असल्यामुळे, जशीच्या तशी राहिली. आठवड्याभरात केळीच्या कंदांशी नवे मुनवे दिसू लागले.

त्या पावसाळ्यात ती रोपे वाफ्यातून काढून नऊ-नऊ फुटांवर कायमच्या जागी लावण्यात आली. आजोबांनी एक वही केली. तीत वाडीचा नकाशा नातीने काढला, आणि प्रत्येक रोपाची जागा व लागवडीची तारीख आजोबांनी आपल्या हाताने लिहिली.

समुद्र तापत राहणार, वादळे येत राहणार. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत अधिक तापत चालले आहे आणि तेथील वादळांचे बळ वाढत आहे, असे शास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. वारा थांबविणे माणसाच्या हाती नाही. परंतु त्याची सूचना वेळेवर ऐकणे, उरलेले जपणे, पडलेल्यापासून शिकणे आणि ज्याचे फळ आपणांस कदाचित मिळणार नाही असे झाड विचारपूर्वक लावणे, एवढे त्याच्या हाती निश्चित आहे. किनाऱ्यावरच्या वाड्या पूर्वीही अशाच उभ्या राहिल्या. ज्यांनी त्या लावल्या, त्यांतील फार थोड्यांची नावे आज कोणास ठाऊक आहेत. त्यांनी लावलेल्या झाडांची सावली मात्र अनेक पिढ्यांनी उपभोगली.

स्वाध्याय

१. वळीव आणि चक्रीवादळ यांतील फरक तीन मुद्द्यांत लिहा.
२. वादळात नारळापेक्षा पोफळी अधिक का मोडतात? मोडलेली पोफळ पुन्हा का फुटत नाही?
३. "ज्या पडल्या त्या तरी तुम्ही कुठं लावल्या होत्या?" हे आजीचे बोलणे ऐकून आजोबांच्या मनात कोणते विचार आले असतील?
४. मुलाने उपस्थित केलेले दोन प्रश्न कोणते? आजोबांनी त्यांना कृतीने कसे उत्तर दिले?
५. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या परिसरातील सर्वांत जुने झाड कोणी लावले, याची वडीलधाऱ्या माणसांकडे चौकशी करा व दहा ओळी लिहा.